आधीपासून आहे, म्हणून चालेल का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त क्लब हाउसमध्ये झालेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



सचिवांनी मला विषय दिला तेव्हा एकच अट घातली. ‘कायद्याचं बोला, पण लोकांना झोप लागेल असं बोलू नका.’ माझं सगळं आयुष्य इमारतींचे नकाशे मंजूर करून घेण्यात गेलं, त्यामुळे ही अट मला किती जमेल सांगता येत नाही. पण विषय आपल्या जिन्याखालचाच आहे, तेव्हा झोप लागू नये अशी आशा आहे.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे तीन तक्रारी आहेत. पहिली, तळमजल्यावरच्या पिठाच्या गिरणीची. दुसरी, दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीची. तिसरी, पार्किंगच्या कोपऱ्यात भिंत घालून केलेल्या इस्त्रीच्या खोलीची. मी नावं घेत नाही, घ्यायची गरजही नाही. तक्रारी तीन आहेत, पण तिन्ही ठिकाणाहून आलेलं उत्तर अगदी एकसारखं आहे: ‘आम्ही पहिल्यापासून आहोत.’ आज एवढंच पाहायचं आहे, की या ‘पहिल्यापासून’ला कायद्यात किती वजन आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. शहराचा विकास आराखडा होतो, त्यात जमिनीचे विभाग पाडलेले असतात. निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती, सार्वजनिक वगैरे. कोणत्या विभागात काय चालेल हे विकास नियंत्रण नियमावली सांगते. या सगळ्याचा पाया म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, ज्याला आपण सगळे एमआरटीपी म्हणतो.

आता गंमत अशी, की इमारत एकदा उभी राहिली की जागची हलत नाही, पण नियम हलतात. पुण्याच्या जुन्या हद्दीचंच बघा. आपली इमारत उभी राहिली तेव्हा १९८७ चा आराखडा लागू होता. २०१७ मध्ये नवा आराखडा आणि नवी नियमावली आली. तिची सवय होते न होते तोच डिसेंबर २०२० मध्ये, मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून, सबंध राज्यासाठी एकत्रिकृत नियमावली आली. म्हणजे पंचवीस वर्षांत आपण एक वीटही हलवली नाही, तरी आपल्यावरचे नियम बदलत राहिले.

मग प्रश्न येतो. काल जे नियमात बसत होतं ते आज बसत नसेल, तर त्याचं काय करायचं? उद्या सकाळी कुलूप लावायचं का?

कसबा पेठेतली तांबट आळी आठवा. तांब्याच्या भांड्यांवर ठोके घालण्याचं काम तिथे पेशवाईपासून चाललंय. नगररचनेचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात आला १९१५ साली. कोणी नकाशावर रंग भरला आणि त्या रंगात हातोडा बसत नाही, म्हणून त्या माणसाला रातोरात उठवणं न्यायाचं होईल का? त्याने नियम मोडलेला नाही. नियम त्याच्यानंतर आला आहे.

कायद्याने ही अडचण ओळखलेली आहे. आपल्या राज्यातल्या विकास नियंत्रण नियमावल्यांमध्ये एक कलम सापडतं. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत ते होतं, आजच्या एकत्रिकृत नियमावलीतही आहे. त्याचा आशय असा: एखाद्या इमारतीचा वापर कायदेशीररीत्या सुरू झालेला असेल, तर केवळ ही नवी नियमावली आली म्हणून तो बंद करावा लागणार नाही. अपवाद एकच. इमारत धोकादायक असेल किंवा शेजारच्यांच्या सुरक्षिततेला तिच्यापासून धोका असेल, तर हे संरक्षण नाही.

या वाक्यातले दोन शब्द नीट ऐका. ‘कायदेशीररीत्या सुरू.’ ‘खूप दिवसांपासून सुरू’ असं तिथे म्हटलेलं नाही. ‘कोणी हरकत घेतली नाही’ असंही म्हटलेलं नाही. ज्या दिवशी वापर सुरू झाला, त्या दिवशी तो त्या वेळच्या नियमांत बसत होता का, एवढाच प्रश्न आहे. बसत असेल तर संरक्षण. बसत नसेल तर पंचवीस काय, पन्नास वर्षं झाली तरी संरक्षण नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. मेरठच्या शास्त्रीनगरमधलं प्रकरण आहे. घरासाठी दिलेला भूखंड, त्यावर दुकानं उभी राहिली आणि वर्षानुवर्षं चालली. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. वेळ किती गेला, पैसा किती ओतला, अधिकारी किती वर्षं गप्प बसले, यातल्या कशानेही बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आणि पाडण्याचा आदेश कायम ठेवला. तेव्हा ‘एवढी वर्षं कोणी बोललं नाही’ हे उत्तर आता विसरा.

आता आपल्या तीन तक्रारींकडे येऊ.

पहिली गिरणी. सगळ्यात जास्त तक्रारी तिच्याच. आवाज, पिठाचा थर, सकाळी डब्यांची रांग. पण मी सोसायटीच्या कपाटातून मंजूर नकाशा काढून पाहिला. रस्त्याकडचे सहाही गाळे त्यावर दुकान म्हणून दाखवलेले आहेत. भोगवटा प्रमाणपत्रात ते आहेत. काकांनी पहिल्याच वर्षी महापालिकेचा परवाना घेतला, तोही त्यांनी मला दाखवला. निवासी विभागात पिठाची गिरणी चालतच नाही, असा आपल्यापैकी अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. नियमावलीत सेवा उद्योगांचा एक तक्ता असतो. मोटार किती अश्वशक्तीची, माणसं किती, जागा किती, या मर्यादेत असे छोटे उद्योग निवासी भागातही चालतात. मूळ गिरणी तेव्हाच्या मर्यादेत होती. म्हणजे ज्या वापरावर आपण सगळ्यात जास्त चिडलो आहोत, तोच कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात भक्कम आहे.

थांबा, काकांनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. तीन वर्षांपूर्वी शेजारचा गाळा घेऊन त्यात मिरची-मसाल्याचं कांडप सुरू झालं आणि मोटारही मोठी बसवली. इथे त्या संरक्षणाची दुसरी बाजू येते. जुना वापर जसा होता, तेवढाच आणि तसाच सांभाळला जातो. त्याला पुढे वाढायचा हक्क मिळत नाही. वापर वाढवला, बदलला, तर त्या भागाला आजचे नियम लागतात, कारण एमआरटीपी कायद्यात ‘विकास’ या शब्दात नुसतं बांधकाम येत नाही, वापरातला ठळक बदलसुद्धा येतो आणि त्याला परवानगी लागते. म्हणून गिरणीचं ‘पहिल्यापासून’ कांडपाला उसनं देता येणार नाही. कांडपासाठी आजच्या नियमांत बसवून वेगळी परवानगी आणावी लागेल, नाहीतर ते थांबवावं लागेल.

आणखी एक. वापराला संरक्षण आहे याचा अर्थ आवाजाला संरक्षण आहे असा नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. ते नियम जुन्या-नव्या सगळ्यांना सारखेच लागतात. मोटारीखाली रबराचे पॅड, धूळ ओढणारी पिशवी, आणि दळणाच्या ठरलेल्या वेळा, एवढं केलं तरी निम्मं भांडण मिटेल असं मला वाटतं.

दुसरी तक्रार शिकवणीची. बाई स्वतः त्या घरात राहायच्या आणि हॉलमध्ये आठ-दहा मुलांना गणित शिकवायच्या. आपल्यापैकी कित्येकांची मुलं त्यांच्याकडे शिकली. नियमावलीत घरगुती व्यवसायाची व्याख्या आहे. घरात राहणाऱ्या माणसानेच करायचा, पगारी माणसं ठेवायची नाहीत, बाहेर पाटी किंवा मांडणी करून घराचं दुकान झालंय असं दिसू द्यायचं नाही, घरात एरवी असतात त्यापलीकडची यंत्रं लावायची नाहीत, आणि शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेला बाध येऊ द्यायचा नाही. पापड-लोणची, शिवणकाम, बाईंची शिकवणी, हे सगळं या भावनेत बसतं.

पण बाई मुलाकडे राहायला गेल्या. सदनिका एका क्लासला भाड्याने दिली. आता तिथे कोणी राहत नाही, बाकं आहेत, पाटी आहे, पगारी शिक्षक आहेत आणि दिवसाला तीन बॅचेस. दार तेच आहे आणि आत गणितच चाललंय, हे खरं. पण वापर तो राहिलेला नाही. घरातला व्यवसाय गेला आणि व्यवसायाची जागा आली. जुना वापर मध्ये थांबला, वेगळा सुरू झाला, की ‘पहिल्यापासून’ची साखळी तुटते. आता त्यांना महापालिकेची परवानगी लागेल, आणि ती जिना, पार्किंग, आगीपासूनची सुरक्षितता, रस्त्याची रुंदी असं सगळं पाहून मिळेल किंवा मिळणार नाही.

इथे तीन गैरसमज सांगून टाकतो, कारण समितीपुढे हे तिन्ही कागद ठेवले गेले आहेत.

एक, व्यापारी दराने मिळकतकर भरल्याची पावती. कर भरला म्हणून वापर कायदेशीर ठरत नाही. पावतीवरून फार तर एवढं सिद्ध होतं की अमुक साली तिथे अमुक वापर होता.

दोन, गुमास्ता नोंदणी. ती धंद्याची नोंद आहे. जागेच्या वापराची परवानगी नाही.

तीन, सोसायटीचं ना-हरकत पत्र. आपल्या उपविधींप्रमाणे सदनिकेचा वापर बदलायचा तर समितीची लेखी परवानगी लागते, हे खरं. पण सोसायटीची परवानगी म्हणजे महापालिकेची परवानगी नव्हे, आणि महापालिकेने दिली म्हणून सोसायटीची लागत नाही, असंही नाही. दोन्ही दारं वेगवेगळी आहेत आणि दोन्ही ठोठवावी लागतात.

आता तिसरी तक्रार, आणि मला सगळ्यात अवघड वाटते ती हीच. इस्त्रीची खोली. त्यांच्याबद्दल एकाही घराची कुरकुर नाही. आपली लग्नाची कपाटं त्यांच्या इस्त्रीने सजली. तक्रार आली ती गाडी लावायला जागा नाही म्हणून. पण मंजूर नकाशावर तिथे पार्किंग आहे. भिंत आपण घातली, सोसायटीने, बहुमताने, ठरावाने. परवानगी मागितलीच नव्हती. म्हणजे ज्या माणसावर सगळ्यांचा जीव, त्याच्या पायाखाली कायद्याची जमीन सगळ्यात कमी. ठराव झाला होता, हे उत्तर महापालिकेपुढे चालत नाही. जे द्यायचा अधिकार आपल्याला नव्हता ते आपण दिलं.

मी त्यांना उठवा असं म्हणत नाही. उलट मी म्हणतो, की खोटा दिलासा देणं थांबवा. ‘तुला कोण हात लावतो बघतो’ असं म्हणणाऱ्यांपैकी नोटीस आल्यावर कोणी पुढे येत नाही. आज शांतपणे पर्याय शोधता येईल. रस्त्याकडचा एक गाळा रिकामा आहे, त्याचा अर्धा भाग वाजवी भाड्याने मिळतो का ते पाहता येईल. नोटीस आल्यावर हातात काही उरत नाही.

वेळेवर न पाहिल्याने काय होतं, हे दिल्लीने दाखवलं आहे. या प्रश्नावरची देशातली सगळ्यात मोठी ओढाताण तिथेच झाली, म्हणून दोन मिनिटं तिकडे जाऊ. दिल्लीचा पहिला बृहत् आराखडा १९६२ चा. त्यात राहायची जागा कोणती, कारखान्यांची कोणती, हे ठरलेलं होतं. पण घराघरांत दुकानं आणि कारखाने वाढत गेले आणि यंत्रणांनी डोळेझाक केली. जुलै १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १६८ घातक उद्योग त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर दिल्लीत बंद करायला सांगितले, आणि त्याबरोबर कामगारांच्या नोकरीचं नि पगाराचं काय, याच्याही अटी घातल्या. पुढे २००६ मध्ये घरांच्या जागेत चाललेल्या दुकानांना सील ठोकायला सुरुवात झाली. बाजार बंद पडले, लोक रस्त्यावर आले, सप्टेंबरमध्ये सीलमपूरला माणसं मेली. संसदेला तात्पुरतं संरक्षण देणारा कायदा करावा लागला. तो एका वर्षासाठी होता, पण त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. २००७ मध्ये नवा आराखडा आला आणि ठरावीक रस्त्यांवर घर आणि दुकान एकत्र चालवायला मुभा मिळाली. म्हणजे जे शेवटी मान्य केलं, ते चाळीस वर्षं आधी विचार करून ठरवता आलं असतं. मधल्या काळात कोणाची रोजी गेली, कोणाची झोप गेली, आणि काहींचे प्राण गेले.

कोणी विचारेल, कायदेशीर जुना वापर असला तर तो कायमचाच का? शहराला त्रास झाला तरी? नाही. एमआरटीपीच्या कलम ५६ मध्ये नियोजन प्राधिकरणाला अधिकार आहे. योग्य नियोजनासाठी गरज असेल तर चालू वापर बंद करायची किंवा त्यावर अटी घालायची नोटीस देता येते. पण त्यावर राज्य सरकारकडे दाद मागता येते, आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते. मला हा तोल महत्त्वाचा वाटतो. नियमाप्रमाणे वागलेल्या माणसाला शहराच्या भल्यासाठी बाजूला व्हायला सांगायचं असेल, तर त्याची किंमत त्याने एकट्याने मोजायची नाही.

शेवटचा मुद्दा, आणि आपल्या सोसायटीपुरता सगळ्यात निकडीचा. पंचवीस वर्षं झाली. पुनर्विकासाची कुजबुज लिफ्टमध्ये सुरू झालेली आहे. बिल्डरांची पत्रकं पत्रपेटीत पडायला लागली आहेत. लक्षात ठेवा, जुन्या वापराचं संरक्षण असतं ते उभ्या असलेल्या इमारतीला. इमारत पाडून नवी बांधली की नवी इमारत आजच्या नियमांनी होते. त्या दिवशी गिरणीकाकांचं ‘पहिल्यापासून’ संपतं, गाळेवाल्यांचं संपतं, आणि वरच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्याचंही संपतं. नव्या नकाशात त्यांच्यासाठी जागा स्वच्छ शब्दांत दाखवली नसेल, तर ताबा घेताना ‘आमचं आधी होतं’ म्हणून काही मिळणार नाही. गाळेधारक हे आपले सभासद आहेत, भाडेकरू नाहीत. करारावर सह्या होण्याआधी, वास्तुविशारदाच्या पहिल्या आराखड्यातच, कोणता वापर कुठे आणि कोणत्या नियमाखाली बसणार, हे लिहून घ्या.

त्यासाठी आजपासून एक काम करा. प्रत्येकाने आपापली फाईल काढा. सोसायटीने मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. मूळ कागद सापडत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून महापालिकेकडून प्रत मागता येते. ज्यांचा घरगुती राहण्यापलीकडे काही वापर आहे त्यांनी तो कधी सुरू झाला, तेव्हाची परवानगी कोणती, पहिलं वीजबिल, पहिली करपावती, मोटारीची क्षमता, हे सगळं एका पिशवीत ठेवावं. उद्या वाद झाला तर ‘कधीपासून’ आणि ‘कशाच्या आधारावर’ हे दोनच प्रश्न विचारले जातील.

सभेपुढच्या तीन तक्रारींसाठी माझी सूचना अशी. गिरणी राहू द्या, वेळा आणि आवाज लेखी ठरवा, आणि कांडपाला परवानगीसाठी ठरावीक मुदत द्या. क्लासला नोटीस देण्याआधी बाईंशी आणि क्लासच्या चालकांशी एकदा बसून बोला. परवानगी मिळण्यासारखी असेल तर त्यांनी अर्ज करावा, नसेल तर चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंतची मुदत मागावी, मुलांची परीक्षा मध्ये आहे. आणि इस्त्रीच्या खोलीची भिंत सोसायटीनेच काढायची, सोसायटीच्याच खर्चाने, पण त्या माणसाला दुसरी जागा मिळाल्यावर. चूक ठरावाची आहे, त्याची नाही.

एकत्र राहायचं म्हणजे कोणाचा ना कोणाचा आवाज, वास, रांग सोसावी लागणारच. किती सोसायचं याची रेघ कायद्याने आखून दिलेली आहे. ती रेघ कुठे आहे हे माहीत असलं की भांडण लहान होतं, आणि रेघेच्या अलीकडे एकमेकांना थोडी सवड देणं आपल्याच हातात राहतं.